संशोधन प्रकल्पाचा अहवाल : पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर वर्गात संशोधन प्रकल्प चुकत नाही. विषय मिळतो, मार्गदर्शक मिळतात, प्रश्नावली घेऊन आपण गावात फिरूनही येतो. आणि मग एक दिवस सर म्हणतात, "आता अहवाल लिहून आणा." तिथं गाडी अडते. आमच्या घरात असा अहवाल याआधी कुणी लिहिलेला नव्हता, त्यामुळं विचारायला कुणी नव्हतं. माझा प्रकल्प एम.ए. भूगोलाचा होता. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावात उन्हाळ्यात कुटुंबांना पिण्याचं पाणी कुठून मिळतं, हा विषय. त्यात मी जिथं जिथं अडखळले ते सगळं इथं क्रमानं लिहिते आहे. तुमचा विषय समाजशास्त्राचा, अर्थशास्त्राचा, ग्रामीण विकासाचा असला तरी चौकट जवळपास हीच राहते.

लिहायला बसण्याआधी जवळ हवं ते

- विभागाचं नियमपत्रक. समास, अक्षराचा आकार, प्रती किती, बाइंडिंग कोणतं हे त्यात असतं. खाली मी जे सांगते त्यात आणि नियमपत्रकात फरक दिसला, तर नियमपत्रकाचं ऐका.
- विषय मंजूर झाल्याचं पत्र. मुखपृष्ठावरचं शीर्षक या पत्रातल्या शीर्षकाशी शब्दाला शब्द जुळलं पाहिजे.
- महाविद्यालयाचं शिक्क्यासह पत्र आणि बोनाफाईड. ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये माहिती मागताना लागतं. झेरॉक्स पाच-सहा काढून ठेवा.
- क्षेत्रभेटीची वही. कोणत्या दिवशी, कोणत्या घरी, काय झालं याची.
- ग्रंथालयातला आधीच्या वर्षाचा एखादा चांगला अहवाल, फक्त रचना पाहण्यासाठी. मजकूर उचलण्यासाठी नाही.

१. उद्दिष्टांचा कागद करा

एक कोरा कागद आडवा धरा आणि चार रकाने पाडा : उद्दिष्ट, प्रश्नावलीतला प्रश्न क्रमांक, तक्ता, निष्कर्ष. प्रत्येक उद्दिष्टासमोर पुढचे तिन्ही रकाने भरले पाहिजेत. एखाद्या उद्दिष्टासमोर प्रश्नच सापडत नसेल तर ते उद्दिष्ट मार्गदर्शकांना विचारून काढून टाका. एखादा तक्ता कोणत्याच उद्दिष्टाला लागत नसेल, तर तो कितीही मेहनतीनं केलेला असू द्या, अहवालात घेऊ नका. तपासणारा माणूस नेमका हाच धागा धरून वाचतो. पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टं बघतो आणि थेट शेवटच्या प्रकरणात जातो.

उद्दिष्टं तीन, फार तर चार ठेवा. "पाणीप्रश्नाचा अभ्यास करणे" हे उद्दिष्ट नव्हे, ते विषयाचं नाव झालं. "मार्च ते मे या काळात गावातील कुटुंबे पिण्याचे पाणी कोणत्या स्रोतातून घेतात ते पाहणे" असं लिहिलं की काय मोजायचं ते आपोआप कळतं.

२. सांगाडा

सुरुवातीची पानं या क्रमानं : मुखपृष्ठ, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, तुमचं प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, तक्त्यांची सूची, नकाशे व आकृत्यांची सूची. त्यानंतर पाच प्रकरणं : प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, अभ्यासक्षेत्र व संशोधन पद्धती, माहितीचं विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. शेवटी संदर्भसूची आणि परिशिष्टं. काही विभाग सुरुवातीला एका पानाचा सारांश मागतात. तो अनुक्रमणिकेत आधी येत असला तरी सगळ्यात शेवटी लिहायचा.

ऋणनिर्देश एका पानात आटपा. ज्यांनी दुपारच्या उन्हात पाण्याचा तांब्या पुढं करून तुमच्या तीस प्रश्नांची उत्तरं दिली, त्या गावकऱ्यांचा उल्लेख मात्र राहू देऊ नका. मी वाचलेल्या बऱ्याच अहवालांत प्राचार्यांपासून टायपिस्टपर्यंत सगळे असतात आणि गाव नसतं.

३. लिहायला सुरुवात तिसऱ्या प्रकरणापासून करा

बहुतेक जण प्रस्तावनेपासून सुरू करतात आणि पंधरा दिवस तिथंच रुतून बसतात. तुम्ही संशोधन पद्धती आधी लिहा. ती तुम्ही स्वतः केलेली आहे, कुठं शोधायला जायची गरज नाही. गाव का निवडलं, घरं कशी निवडली, किती निवडली, कोणत्या तारखांना गेलात, कुणाशी बोललात, दुय्यम माहिती (म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच गोळा केलेली) कोणत्या कार्यालयातून आणली : एवढं साध्या वाक्यांत लिहून काढा.

इथं मला माझी चूक सांगायची आहे, कारण ती बीड जिल्ह्यात काम करणाऱ्या कुणाकडूनही होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या यादीत (घरपट्टी आकारलेल्या घरांची नोंद) तीनशे घरं होती. मी दर पाचवं घर घेतलं, साठ घरं निघाली. पद्धत बरोबर होती. पण मी गेले डिसेंबरात. एका घरापुढं म्हातारी आजी धान्य निवडत बसली होती. म्हणाली, "बाई, घरात कुणी नाही. समदे कारखान्याला गेलेत, आता पाडव्याच्या सुमाराला येतील." पुढं अशी कुलूप लावलेली घरं येतच राहिली. साठांपैकी सतरा घरं बंद. मी काय केलं, तर प्रत्येक बंद घराऐवजी शेजारचं उघडं घर घेतलं आणि साठचा आकडा पूर्ण केला.

तक्ता तयार झाल्यावर दिसलं की गावातल्या बहुतेक कुटुंबांकडं पाण्याची स्वतःची सोय आहे. मला आनंदच झाला. सरांनी तक्ता पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "घरं किती बंद होती?" त्या प्रश्नानं माझ्या लक्षात आलं. कारखान्याला, म्हणजे साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला, जाणारी कुटुंबं बहुतेक भूमिहीन किंवा अगदी कोरडवाहू तुकडा असलेली. सार्वजनिक नळावर आणि हातपंपावर पाणी भरणारे तेच. आणि मी नेमके तेच वगळले होते. माझा तक्ता गावाचा नव्हताच, तो डिसेंबरात गावात उरलेल्या माणसांचा होता.

नशिबानं वहीत प्रत्येक बंद घरापुढं फुली केलेली होती. पाडव्यानंतर मी परत गेले, त्या सतरा घरांत बसले आणि शेजारची सतरा घरं काढून टाकली. तिसऱ्या प्रकरणात हे सगळं दोन परिच्छेदांत लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला, आणि तो चांगल्या अर्थानं.

तुम्हाला परत जाणं जमणार नसेल तर निदान लिहा : सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालं, किती घरं बंद होती, बदली घरं घेतली का, आणि त्यामुळं कोणत्या थरातली माणसं कमी आली असतील. याला अभ्यासाच्या मर्यादा म्हणतात. "वेळ व पैसा यांची मर्यादा होती" हे वाक्य सगळ्या अहवालांत असतं, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

४. एककं, नावं आणि जुने आकडे

हा भाग नियमपत्रकात नसतो, पण आकडे इथंच चुकतात.

शेतकरी जमीन सांगतो एकर-गुंठ्यांत. "अडीच एकर" म्हणतो किंवा "दोन एकर वीस गुंठे". आपण वहीत २.२० लिहितो आणि संगणकात तसंच भरतो. एका एकरात ४० गुंठे असतात, म्हणून दोन एकर वीस गुंठे म्हणजे २.५० एकर. समजा तीन शेतकऱ्यांकडं २ एकर २० गुंठे, १ एकर ३० गुंठे आणि ३ एकर १० गुंठे आहे. खरी सरासरी अडीच एकर येते. टिंब देऊन भरलं तर २.२० येते. साठ घरांत ही चूक पसरली की सगळा तक्ता वाया. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, आणि एका हेक्टरला १०० आर, त्यामुळं तिथलं १.२० सरळ दशांशच आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका. सगळं एका एककात आणा (१ हेक्टर म्हणजे २.४७ एकर) आणि कोणतं एकक धरलं ते तिसऱ्या प्रकरणात नोंदवा.

विहिरीची खोली जुनी माणसं 'परस' या मापात (साधारण एका माणसाची उंची) सांगतात, बोअरची फुटात. उत्पन्न कुणी क्विंटलमध्ये सांगतं, कुणी पोत्यांत. पोतं किती किलोचं धरलं हे तिथल्या तिथं विचारून घ्या, नंतर अंदाजानं भरू नका.

जिल्ह्यांचे जुने आकडे घेताना जिल्हा कधी झाला ते पाहा. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेच्या मूळ पुस्तिकेतला परभणीचा आकडा हिंगोलीसकट आहे. तो २००१ च्या परभणीशेजारी ठेवला तर लोकसंख्या घटल्यासारखी दिसते आणि विद्यार्थी त्यावर स्थलांतराचा परिच्छेद लिहून मोकळा होतो. तसंच छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही जिल्ह्यांची नावं २०२३ मधली. मजकुरात आजचं नाव वापरा, पण संदर्भ देताना जुन्या प्रकाशनावर जे नाव छापलं आहे तेच ठेवा, नाहीतर ते कुणाला सापडणार नाही.

तांड्यावर किंवा वस्तीवर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जनगणनेत आकडा महसुली गावाचा असतो, त्यात त्या गावाचे तांडे आणि वस्त्या धरलेल्या असतात. तांड्याची वेगळी लोकसंख्या हवी असेल तर अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडच्या नोंदी पाहाव्या लागतात, आणि स्रोत म्हणून तेच लिहावं लागतं.

५. प्रस्तावना आणि आढावा

प्रस्तावना "पाणी म्हणजे जीवन" या वाक्यानं किंवा पृथ्वीवर पाणी किती टक्के यापासून सुरू करू नका. आपल्या भागापासून सुरू करा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ही एक गोष्ट तुमचा विषय महत्त्वाचा का आहे ते सांगायला पुरते. त्यानंतर दोन पानांत तालुका, मग गाव, मग तुमचा प्रश्न.

आढाव्यात दहा-बारा अभ्यास पुरतात. प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहा : कुणी, कुठं, काय पाहिलं, काय सापडलं. शेवटच्या परिच्छेदात सांगा की यात काय राहून गेलं आणि तुमचा अभ्यास तिथं काय भर घालतो. तो परिच्छेद नसेल तर बाकीचा आढावा नुसती यादी होते.

उचलेगिरीबद्दल स्पष्ट सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढं टप्प्याटप्प्यानं कारवाई वाढत जाते. पण टक्केवारी सांभाळत बसण्यापेक्षा सोपा उपाय आहे. मूळ लेख वाचा, बंद करा, आणि जे लक्षात राहिलं ते आपल्या शब्दांत लिहा. नंतर आकडे आणि नावं मूळ लेखाशी ताडून घ्या. इंग्रजी लेख भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून आलेलं मराठी तसंच चिकटवलं तर ते पहिल्या ओळीतच ओळखू येतं.

६. तक्ते आणि त्याखालचा मजकूर

तक्त्याचा क्रमांक प्रकरणाशी जोडा : चौथ्या प्रकरणातला पहिला तक्ता ४.१. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं किंवा नकाशाचं खाली. प्रत्येक तक्त्याखाली स्रोत : "क्षेत्रीय सर्वेक्षण, डिसेंबर व एप्रिल" असं वर्षासह, किंवा ज्या प्रकाशनातून घेतलं त्याचं नाव.

टक्केवारीबरोबर संख्या द्याच. साठ कुटुंबांच्या पाहणीत "२८.३३ टक्के" लिहून फार नेमकेपणा दाखवला जातो, पण ती सतरा कुटुंबं आहेत. १७ आणि कंसात २८ टक्के, एवढं पुरे. एका कुटुंबानं दोन-तीन स्रोत सांगितले असतील तर बेरीज शंभराच्या वर जाते. त्यात चूक काही नाही, फक्त तक्त्याखाली "एकापेक्षा अधिक उत्तरे शक्य" अशी टीप हवी. टीप नसेल तर परीक्षकांचं बोट बरोबर त्या बेरजेवर येतं.

तक्त्याखाली तक्ताच पुन्हा वाक्यांत लिहू नका. "तक्त्यावरून असे दिसते की १७ कुटुंबे हातपंपावर, १२ नळावर" हे वाचणाऱ्याला दिसतंच आहे. तुम्ही गावात गेला होता, तो गेलेला नाही. म्हणून त्याला दिसत नाही ते लिहा : हातपंपावरची कुटुंबं गावाच्या कोणत्या भागात आहेत, नळाचं पाणी किती दिवसांआड येतं, मे महिन्यात हंडा भरायला किती वेळ थांबावं लागतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी किंवा महसूल मंडळाचा पाऊस मिळाला तर तो इथंच, तुमच्या आकड्याशेजारी ठेवा. प्रस्तावनेत पडून राहिला तर त्याचा उपयोग नाही.

७. निष्कर्ष आणि शिफारशी

पहिल्या कागदावरचा चौथा रकाना उतरवून घ्या, निष्कर्ष तयार. नवा आकडा या प्रकरणात आणायचा नाही. शिफारस कुणासाठी आहे ते लिहा : ग्रामपंचायत, पंचायत समिती की महिला बचत गट. "शासनाने लक्ष द्यावे" ही शिफारस कुणाच्याच टेबलावर जात नाही. "हातपंपाची दुरुस्ती फेब्रुवारीअखेर करून घ्यावी" ही ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) करता येते.

८. टायपिंग

मराठीत अहवाल लिहिणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास इथं होतो. डीटीपीच्या दुकानात बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्या दुकानातल्या संगणकावर अक्षर सुरेख दिसतं. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडं उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची ओळच्या ओळ. माझ्या मैत्रिणीची नव्वद पानं अशीच झाली, जमा करायच्या आदल्या दिवशी. त्या फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही.

म्हणून दुकानात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य हे : "युनिकोडमध्ये करून द्या." युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशी टाइप करायची पद्धत. मंगल, कोकिळा, निर्मला, नोटो सॅन्स देवनागरी हे सगळे युनिकोड फॉन्ट आहेत. त्याहून बरं म्हणजे मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर किंवा बोलून स्वतःच कच्चा मजकूर तयार करा आणि दुकानात फक्त मांडणी करून घ्या. पैसे वाचतात आणि चुका निम्म्या होतात, कारण आपलं हस्ताक्षर दुसऱ्याला वाचावं लागत नाही.

मांडणीचा सर्वसाधारण नमुना असा : ए-फोर कागद, डावीकडं बाइंडिंगसाठी दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंनी एक इंच, ओळींत दीडपट अंतर. प्रस्तावनेआधीच्या पानांना वेगळे क्रमांक आणि प्रस्तावनेपासून एक. आकडे देवनागरी की इंग्रजी ते एकदा ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. प्रकरणांची नावं आणि उपशीर्षकं यांना वर्डमधल्या हेडिंगच्या शैली लावा, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. हातानं केलेली अनुक्रमणिका एक नकाशा आत घातला की पुढं सगळी सरकते.

मुद्रितशोधन कागदावर करा, पडद्यावर नाही. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पेन धरायचं. माझ्याबरोबर धाकटा भाऊ बसला होता. "गावातील एकूण कुटूंबे" मधला दीर्घ टू त्यानं बावीस ठिकाणी पकडला.

९. संदर्भ आणि परिशिष्टं

संदर्भ वाचतानाच लिहून ठेवा. शेवटी आठवून लिहायला बसलात तर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं. आडनाव, नाव, वर्ष, शीर्षक, प्रकाशन, शहर हा क्रम. सूची आडनावाच्या मराठी वर्णानुक्रमानं. संकेतस्थळ असेल तर पूर्ण पत्ता आणि कोणत्या तारखेला पाहिलं ते. मजकुरात ज्याचं नाव आहे ते सूचीत हवं, आणि सूचीत आहे ते मजकुरात हवं. दोन्ही बाजूंनी टिकमार्क करून तपासा.

परिशिष्टात कोरी प्रश्नावली, गावाचा नकाशा, चार-सहा छायाचित्रं. भरलेल्या प्रश्नावल्या लावू नका. त्यांवर माणसांची नावं, मोबाइल क्रमांक, उत्पन्न असतं. लोकांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं असतं, ग्रंथालयाच्या कपाटासाठी नाही. फोटोला विचारून परवानगी घ्या, पाणी भरणाऱ्या बायांच्या फोटोला तर नक्कीच.

१०. जमा करणं आणि तोंडी परीक्षा

आधी स्पायरल बाइंडिंगची एक प्रत मार्गदर्शकांना द्या. त्यांच्या लाल खुणा दुरुस्त झाल्यावरच पक्कं बाइंडिंग. प्रती साधारण चार लागतात : मार्गदर्शक, विभाग, ग्रंथालय आणि तुमची. शेवटच्या आठवड्यात बाइंडिंगवाल्याकडं सगळ्या महाविद्यालयांची रांग असते, म्हणून मधे तीन दिवस मोकळे ठेवा. प्रमाणपत्रावर सही-शिक्का बाइंडिंगच्या आधी घ्यायचा की नंतर, हे विभागात विचारून घ्या. पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

तोंडी परीक्षेला अहवालाबरोबर क्षेत्रभेटीची वही आणि भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा न्या. मला परीक्षकांनी तक्ता ४.३ मधलं एक कुटुंब दाखवायला सांगितलं. मी गठ्ठ्यातून एकेचाळीस क्रमांकाची प्रश्नावली काढून पुढं ठेवली, वहीतली त्या दिवसाची नोंद उघडली. त्यांनी दोन्ही वाचलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न गावातल्या हातपंपाबद्दल विचारला.